उपचार चालू राहिले, प्रतिबंध थांबला

कोविडच्या पहिल्या वर्षाचा हिशेब ग्लोबल फंडाने, म्हणजे एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्ध देशांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने, 2021 मध्ये मांडला, तेव्हा एचआयव्हीच्या प्रकरणात एकमेकांच्या उलट जाणारे आकडे शेजारी शेजारी बसले होते. फंडाचा पैसा पोहोचतो त्या देशांत एचआयव्हीवरची औषधे घेणारे 2020 मध्ये 8.8 टक्क्यांनी वाढून 2 कोटी 19 लाख झाले होते. त्याच वर्षी प्रतिबंधाच्या सेवा मिळालेल्यांची संख्या मात्र 11 टक्क्यांनी घसरली होती आणि चाचण्या 22 टक्क्यांनी.

पहिल्या आकड्याचे कौतुक करायलाच हवे. विमाने बंद, बंदरे तुंबलेली, नर्सेस कोविडच्या वॉर्डांत पाठवलेल्या, आणि तरीही गोळ्या पोहोचत राहिल्या. त्यामागे भीती होती. उपचार सहा महिने खंडित झाले तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत पाच लाखांहून अधिक जादा मृत्यू होऊ शकतात, असा इशारा जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स हा संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम यांनी मे 2020 मध्ये दिला होता. सरकारे हलली. एका महिन्याऐवजी तीन-तीन, सहा-सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची मुभा अनेक ठिकाणी मिळाली, घरपोच वाटप सुरू झाले. मनात आणले तर वाट निघते, हे दिसून आले. मग प्रतिबंधासाठी कोणाच्या मनात का आले नाही?

माझ्या मते याचे उत्तर रजिस्टरमध्ये आहे. उपचार घेणाऱ्या माणसाचे नाव कुठेतरी लिहिलेले असते. तो ठरलेल्या दिवशी आला नाही तर रकाना रिकामा दिसतो आणि कोणीतरी चौकशी करते. ज्याला अजून लागणच झालेली नाही, त्याचा रकानाही नसतो. त्याला कंडोम मिळाला नाही, कोरी सुई मिळाली नाही, म्हणून कुठल्याही कार्यालयाचे काही अडत नाही. परिणाम दिसायला वर्षे लागतात आणि दिसतो तेव्हा त्याचे मूळ टाळेबंदीच्या अमुक आठवड्यात होते, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. ज्या सेवेच्या अभावाची तक्रारच येत नाही, ती संकटात सगळ्यात आधी कापली जाते. त्यातून या सेवेचे गरजू असे, की रजिस्टरात नाव जाणे हाच त्यांच्यासाठी धोका असतो.

हे गरजू कोण, ते यूएनएड्सच्या आकडेवारीत स्पष्ट आहे. 2020 मधल्या नव्या लागणींपैकी सुमारे 65 टक्के सेक्स वर्कर, समलिंगी पुरुष, पारलिंगी व्यक्ती, सुईने नशा करणारे, कैदी आणि या सगळ्यांचे लैंगिक जोडीदार यांच्यात झाल्या. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका वगळली तर हे प्रमाण 93 टक्के होते. म्हणजे बहुतेक जगात एचआयव्हीचा प्रतिबंध याचा अर्थच या लोकांपर्यंत पोहोचणे. सर्वसामान्य जनतेसाठी जाहिरात करून भागण्यासारखी ही गोष्ट नाही.

सगळे खापर महासाथीवर फोडणेही बरोबर नाही. 2020 पर्यंत वर्षाच्या नव्या लागणी पाच लाखांच्या खाली आणू, असे जगाने 2016 मध्ये ठरवले होते; प्रत्यक्षात 2020 मध्ये सुमारे 15 लाख झाल्या. एवढी दरी नऊ-दहा महिन्यांत पडत नाही. प्रतिबंध आधीच अशक्त होता. कोविडने त्याला फक्त ढकलले.

प्रेपची गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे. प्रेप म्हणजे लागण नसलेल्या माणसाने लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचे औषध. बहुधा टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन यांची एकत्र गोळी. अमेरिकेत तिला 2012 मध्ये मंजुरी मिळाली, 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठी जोखीम असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. 2020 पर्यंत 30 लाख लोकांना ती मिळावी असे उद्दिष्ट होते. मिळाली सुमारे 8 लाख 45 हजारांना. पण दुसरी बाजूही सांगायला हवी: आदल्या वर्षापेक्षा हा आकडा बराच मोठा होता. प्रतिबंध कोसळत असताना प्रेप वाढली. याचा मी लावलेला अर्थ असा, की प्रेप दिसायला उपचारासारखी आहे. गोळी आहे, चिठ्ठी आहे, फाइल आहे, आणि तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचा नियम तिलाही लावता येतो. प्रतिबंधाचा जो भाग दवाखान्याच्या साच्यात बसत होता तो तगला. जो हातातून हातात, रात्री, रस्त्याच्या कडेला, बारच्या मागच्या खोलीत चालतो, तो बुडाला.

आणि प्रतिबंधाचे बरेचसे काम असेच चालते. सेक्स वर्करला कंडोम देणारी बहुतेक वेळा दुसरी सेक्स वर्करच असते. नशेच्या अड्ड्यावर वापरलेल्या सुया गोळा करून कोऱ्या देणारा स्वतः कधीकाळी तिथेच बसलेला असतो. कोणत्या ग्राहकाला कसे सांगायचे, पोलिसांची गाडी आली तर काय करायचे, कोणत्या दवाखान्यात माणसासारखे वागवतात, हे ज्ञान त्यांच्याकडेच असते. टाळेबंदी आली तेव्हा यांच्यापैकी फार थोड्यांकडे रस्त्यावर फिरण्याचा पास होता. कागदोपत्री ते आरोग्यसेवक नव्हतेच. ते 'मानधनावरचे' लोक. दूधवाला अत्यावश्यक ठरला, हा नाही.

माल तरी होता का? जगातल्या दर पाच कंडोमांपैकी एक बनवणाऱ्या कारेक्स कंपनीचे मलेशियातले तीन कारखाने मार्च 2020 मध्ये तिथल्या टाळेबंदीत आठवडाभराहून अधिक काळ बंद पडले आणि नंतर अर्ध्या मनुष्यबळावर सुरू झाले. टंचाईच्या बातम्या झाल्या, विनोदही झाले. कारखाने सुरू झाले, विषय संपला. गोदामातला माल रात्री अकरा वाजता नाक्यावर कोण नेणार, याची बातमी झाली नाही.

आता एक आक्षेप, जो मी अनेक समंजस लोकांकडून ऐकला आहे. टाळेबंदीत माणसे भेटतच नव्हती, मग प्रतिबंधाची गरजही घटली असणार. बारा महिने सेवा थांबल्या तर काय बिघडले? यात तथ्य आहे. अनेक देशांत समलिंगी पुरुषांनी जोडीदार कमी झाल्याचे सांगितले आणि प्रेप थांबवली. जोखीम नसताना औषध थांबवणे हा शहाणा निर्णय आहे, त्याला 'गळती' म्हणणे चूक. पण हा दिलासा ज्यांना घरात बसणे परवडले त्यांच्यापुरता होता. रोजच्या कमाईवर जगणाऱ्या सेक्स वर्करचा धंदा बसला की तिच्याकडे येणारा प्रत्येक ग्राहक अधिक मोलाचा होतो, आणि कंडोमशिवाय जास्त पैसे देणाऱ्याला नकार देण्याची तिची ताकद कमी होते. गाठीभेटी घटल्या तरी एकेका भेटीतली जोखीम वाढली. नशेचे तर बोलायलाच नको. टाळेबंदी जाहीर झाली म्हणून शरीराची तलफ थांबत नाही. सुई मिळाली नाही तर जुनी वापरली जाते किंवा दुसऱ्याची. शिवाय ज्यांनी प्रेप थांबवली त्यांचे आयुष्य टाळेबंदी उठताच पूर्ववत झाले. त्यांची भेटीची वेळ, रक्ततपासणी, पुन्हा सुरुवात हे सगळे त्याच वेगाने पूर्ववत झाले असे नाही.

या आक्षेपाला बळ देणारा एक आकडाही त्या काळात फिरत होता. अमेरिकेत 2020 मध्ये एचआयव्हीचे नवे निदान 2019 च्या तुलनेत 17 टक्क्यांनी कमी झाले. वरवर पाहता आनंदाची गोष्ट. पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने स्वतःच सांगितले, की ही घट चाचण्या विस्कळीत झाल्यामुळे आहे. न तपासलेला माणूस आकड्यांत निरोगीच असतो. एचआयव्हीत तर लागण झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे रक्तात विषाणू सर्वाधिक असतो आणि तेव्हाच माणूस दुसऱ्याला लागण देण्याची शक्यता फार मोठी असते. त्या आठवड्यांत निदान झाले नाही तर साखळी पुढे जाते. लागण टळावी म्हणून घ्यायच्या पेपचे तर घड्याळच वेगळे: जोखमीचा प्रसंग घडल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू करायचे आणि 28 दिवस घ्यायचे. संचारबंदीत, बाहेर पोलीस असताना, बलात्कार झालेल्या पारलिंगी स्त्रीने 72 तासांत कुठे जायचे?

पोलिसांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. महासाथीचे नियम कागदावर सर्वांना सारखे असतात. पनामाने एप्रिल 2020 मध्ये ठरवले, की बाहेर पडायचे तर स्त्रियांनी काही वार, पुरुषांनी वेगळे. पेरूनेही तोच मार्ग घेतला आणि आठवडाभरात सोडून दिला. गर्दी कमी करण्याची साधी युक्ती. पण ओळखपत्रावर एक लिंग आणि अंगावर दुसरा पोशाख असलेल्या माणसाला कोणताच वार उरला नाही. पनामात पारलिंगी व्यक्तींना दोन्ही दिवशी अडवले गेले, पकडले गेले. कोलंबियाच्या बोगोटा शहराने असाच नियम करताना पारलिंगींनी स्वतःच्या लिंगओळखीप्रमाणे वार पाळावा असे स्पष्ट लिहिले, तेवढी एक ओळ इतरांना सुचली नाही. युगांडात मार्च 2020 च्या शेवटी पोलिसांनी समलिंगी आणि पारलिंगी तरुणांच्या एका निवाऱ्यावर छापा घातला. आरोप होता साथ पसरेल असे निष्काळजी वर्तन. दीड डझनाहून अधिक जण कित्येक आठवडे तुरुंगात राहिले, वकिलांनाही त्यांना भेटू दिले नाही, आणि शेवटी खटला मागे घेण्यात आला. ज्या निवाऱ्यात कंडोम आणि औषधे ठेवलेली असतात, तिथे जायला त्यानंतर कोण धजेल?

याउलट सोलमध्ये जे घडले त्याचा अभ्यास प्रत्येक आरोग्य खात्याने करावा. मे 2020 मध्ये तिथल्या इतेवॉन भागातल्या क्लबांमधून कोविड पसरला. त्यांतल्या काही क्लबांत समलिंगी पुरुष जातात हे माध्यमांनी छापले, आणि हजारो ग्राहक अचानक सापडेनासे झाले. त्यांना कोविडपेक्षा नोकरी आणि घर जाण्याची भीती अधिक होती. शहराने मग नाव विचारणे बंद केले. फक्त फोन नंबर द्या, तपासून जा. लोक आले, चाचण्या झपाट्याने वाढल्या. एचआयव्हीच्या क्षेत्रात हे तीन दशके सांगितले जात होते: ओळख मागितली की माणूस येत नाही, नाही मागितली की येतो. कोविडच्या निमित्ताने मोठ्या शहराच्या प्रशासनाने ते काही दिवसांत करून दाखवले. तेच एचआयव्हीसाठी करायचे म्हटले की समिती नेमली जाते.

काही कुलपे त्या काळात उघडलीही, हे नाकारता येत नाही. अमेरिकेत हेरॉइनसारख्या नशेवर मेथाडोन घेणाऱ्यांना जवळजवळ रोज केंद्रावर रांग लावावी लागे. हे औषध सुईऐवजी तोंडाने घेतले जाते, म्हणून एचआयव्हीच्या प्रतिबंधातही त्याला मोठे स्थान आहे. मार्च 2020 मध्ये स्थिर रुग्णांना 28 दिवसांपर्यंतचे औषध घरी न्यायची परवानगी मिळाली. औषध विकले जाईल, अतिसेवनाने माणसे मरतील अशी ओरड वर्षानुवर्षे होती. ती भीती खरी ठरली नाही आणि 2024 मध्ये हीच सवलत कायमच्या नियमात आली. थायलंडमध्ये पारलिंगी आणि समलिंगी समूहांतल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडूनच तपासणी आणि प्रेप देण्याची पद्धत कोविडच्या आधीपासून रुजली होती; बँकॉकमधले पारलिंगींसाठीचे टँजरीन क्लिनिक 2015 पासून चालू आहे. अशा ठिकाणी संकटात काम नव्याने शिकावे लागले नाही. स्वतःची चाचणी घरी स्वतः करण्याची किट जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच मान्य केली होती, कोविडने ती अनेक देशांत टपालाच्या पाकिटात घातली.

पण अशा सवलती टिकवण्याची इच्छा किती नाजूक असते, त्याचा दाखला अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या स्कॉट परगण्यात मिळतो. जेमतेम 24 हजार वस्तीच्या या ग्रामीण भागात 2015 मध्ये सुईने घेतलेल्या वेदनाशामकांमुळे दोनशेहून अधिक जणांना एचआयव्ही झाला. सुया बदलून देणारे केंद्र उघडले आणि साथ आटोक्यात आली. जून 2021 मध्ये, कोविड चालू असतानाच, तिथल्या आयुक्तांनी दोन विरुद्ध एक मतांनी ते केंद्र बंद करण्याचा निर्णय घेतला. साथ ओसरली होती, आणि आता सुया देणे म्हणजे नशेलाच हातभार, असा सूर होता. यशस्वी झालेला प्रतिबंध स्वतःच्या गरजेचा पुरावा पुसून टाकतो, हा या क्षेत्राचा जुना शाप आहे.

मी हे सगळे 2020 पुरते मांडत नाही, कारण तोच क्रम पुन्हा दिसला, आणि या वेळी विषाणूचा काही संबंध नव्हता. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली. 2003 पासून चालत आलेला पेपफार हा एचआयव्ही कार्यक्रमही त्यात अडकला. काही दिवसांनी जीवरक्षक सेवांना सूट मिळाली: उपचार चालू ठेवा. प्रेपबद्दल सूट होती ती फक्त गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांसाठी. समलिंगी पुरुष, सेक्स वर्कर, नशा करणारे, पारलिंगी या सर्वांची प्रेप त्या वाक्याबाहेर राहिली. महासाथीत जे न ठरवता, दुर्लक्षाने झाले, ते इथे लेखी आदेशाने झाले.

आशा आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनवर आहे. 2024 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेत मंजुरी, पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. महासाथीच्या दृष्टीने याहून सोयीचे काय असेल? वर्षाला दोनदा दवाखान्यात जायचे, मधल्या टाळेबंद्या खुशाल येऊ देत. मी या औषधाचा समर्थक आहे, तरी सावध करतो. ते दोन दिवस तरी दार उघडे लागते, देणारा लागतो, आणि घेणाऱ्याला तिथे अपमान होणार नाही याची खात्री लागते. पुढचे इंजेक्शन चुकले तर औषधाचे प्रमाण शरीरात हळूहळू उतरत जाते, आणि त्या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला जुमानेनासा होण्याचा धोका असतो. शिवाय सुया आणि कंडोम यांची जागा ते घेत नाही; हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस तिथेच आहेत.

मग काय करावे? कोविडच्या ऐन लाटेत प्राणवायू नसताना कंडोमचे काय घेऊन बसलात, असे म्हणणाऱ्यांना आधी एक कबुली देतो. संघर्ष काही ठिकाणी खरा होता. एचआयव्हीसाठी वापरली जाणारी पीसीआर यंत्रे कोविडकडे वळवली गेली, आणि त्या वेळी तो निर्णय समर्थनीय होता. पण नाक्यावर कंडोमची पिशवी नेणारी बाई कोणाची खाट अडवत नाही, कोणाचा डॉक्टर पळवत नाही. तिला लागते ती परवानगी, मुखपट्टी आणि वेळेवर मानधन. प्रतिबंधाचा हा सगळ्यात मोलाचा भाग सगळ्यात स्वस्त आहे आणि तोच थांबवला गेला, हे समर्थनीय नव्हते.

या कामाची ताकद काय असते, ते कोलकात्याच्या सोनागाचीत 1992 पासून दिसते. डॉ. स्मरजित जाना तिथे लैंगिक आजारांच्या कामासाठी गेले आणि वस्तीतल्या स्त्रियांनाच कार्यकर्त्या बनवले. त्यातून उभे राहिलेले दुर्बार हे संघटन त्या स्त्रियांच्या हातात आहे. कंडोमची सक्ती एकटीने केली तर ग्राहक शेजारी जातो, सगळ्या मिळून केली तर जाणार कुठे, हे गणित त्यांनी सोडवले. महासाथीत अशी संघटना धान्यही पोहोचवते आणि गोळ्याही, कारण कुठल्या जिन्यावर कोण राहते हे तिला माहीत असते. जाना यांचे मे 2021 मध्ये कोविडनेच निधन झाले.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये राज्यांना सांगितले, की सेक्स वर्करना ओळखीच्या पुराव्याचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या. हे धान्याबाबत शक्य असेल तर औषधाबाबत का नाही? पुढची महासाथ येण्याआधी प्रत्येक देशाच्या आपत्कालीन कायद्यात अत्यावश्यक सेवांची जी यादी असते, तिच्यात कंडोम, सुया, मेथाडोनसारखे पर्याय, प्रेप, पेप आणि चाचणी ही नावे उपचाराच्या ओळीशेजारी स्वतंत्रपणे यायला हवीत. 'एचआयव्ही सेवा' एवढे मोघम लिहिले तर अधिकारी त्याचा अर्थ एआरटी केंद्र, म्हणजे उपचाराची औषधे देणारे केंद्र, असाच लावणार. घरी न्यायच्या औषधाची मुदत, टपालाने किट, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, या गोष्टींना संकटाची वाट पाहण्याचे काही कारण नाही, त्या आजच नियमित करता येतात.

आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांना पहिल्या दिवसापासून आरोग्यसेवकांचा पास, विमा आणि लसीकरणातला क्रम मिळावा. त्या पासावर 'आरोग्यसेवक' एवढेच छापलेले असावे. कोणत्या वस्तीत, कोणासाठी, पिशवीत काय घेऊन, यांतले काहीही नको. नाहीतर चौकातल्या पहिल्याच पोलिसाच्या हातात तो पास म्हणजे त्या वस्तीचा पत्ता ठरेल.